राजा केळकर म्युझियममधला राजा कोण?



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझा जन्म पुण्याचा, इंजिनिअरिंगही पुण्यातच केलं. चार वर्षं बाजीराव रोडवरून आधी बसने आणि मग बाइकने ये-जा केली. तरीसुद्धा वयाच्या पस्तिशीपर्यंत माझी ठाम समजूत होती की राजा केळकर म्युझियम हे कुठल्या तरी संस्थानिकाचं असणार. केळकर आडनावाचा राजा नक्की कुठल्या संस्थानात होऊन गेला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. यावरून माझ्या इतिहासातल्या मार्कांचा अंदाज यावा!

तो राजा एक लहान मुलगा होता. अवघ्या सात वर्षांचा असताना तो गेला. त्याच्या वडिलांनी त्याच्या नावाने जे उभं केलं, ते आज पुण्यात शुक्रवार पेठेत तीन मजली इमारतीत उभं आहे. आजचा लेख त्या वडिलांबद्दल, म्हणजे कै. दिनकर गंगाधर केळकर यांच्याबद्दल आहे.

आता रीम आयलंडवर बसून दिवसभर कोड बघणाऱ्या माणसाला हे मध्येच कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. तर त्याला कारण एक कॉफीचं भांडं!

कॉफीचं भांडं आणि आजीचा बंब

आपल्या बेटावरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं आहे. जूनमध्ये शाळा संपत आल्या की रोज कोणीतरी गाशा गुंडाळत असतं. कोणाची नोकरी बदलते, कोणी रिटायर होऊन मायदेशी निघतं. सोफे, सायकली, कुंड्या, मुलांची पुस्तकं, सगळं विकायला किंवा वाटायला निघतं. अशाच एका जूनमध्ये आमच्या मजल्यावरचं एक वयस्क अमेरिकन जोडपं परत निघालं. निरोप घ्यायला गेलो तर आजोबांनी माझ्या हातात अल्युमिनियमची एक जुनी किटली ठेवली. झाकणावर काचेची छोटी घुमटी. तो कॉफीचा पर्कोलेटर होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भांड्यात पाणी, मधोमध एक उभी नळी आणि नळीच्या वरच्या टोकाला भोकं पाडलेली टोपली. टोपलीत भरड दळलेली कॉफी. गॅसवर ठेवलं की तळाचं पाणी तापतं, बुडबुडे होतात आणि ते पाण्याला ढकलत नळीतून वर नेतात. पाणी कॉफीवर सांडतं, झिरपून पुन्हा खाली येतं आणि पुन्हा वर जातं. वरच्या काचेत पाण्याचा रंग गडद होताना दिसतो. ना मोटर, ना सर्किट. एक नळी आणि उष्णता, एवढ्यावर सगळं चालतं. मी त्या भांड्याच्या प्रेमातच पडलो.

मग शोध सुरू झाला. जुन्या सामानाची दुकानं, घर सोडून जाणाऱ्यांचे सेल... आता माझ्याकडे अकरा पर्कोलेटर आहेत. (हे अकरा 'जास्त' आहेत असं घरात एक मत आहे. घरात मतं दोनच, त्यामुळे निकाल लागत नाही!) वाचता वाचता कळलं की अशा प्रकारचं भांडं १८१९ मध्ये पॅरिसमध्ये लोराँ नावाच्या एका कारागिराने बनवलं, आणि अमेरिकेत १८८९ मध्ये गुडरिच नावाच्या माणसाने चुलीवर ठेवायच्या पर्कोलेटरचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत घरोघरी हेच भांडं होतं. मग १९७२ मध्ये 'मिस्टर कॉफी' हे विजेवर चालणारं मशीन आलं आणि थोड्याच वर्षांत लाखो पर्कोलेटर माळ्यावर गेले. माळ्यावरून भंगारात. कालपर्यंत रोजची असलेली वस्तू अशी बघता बघता नाहीशी झाली.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आईला फोनवर सांगत होतो. नळी, बाजूने पाणी, खालून उष्णता वगैरे. आई म्हणाली, अरे मग आपला बंब तरी काय वेगळा होता?

मी गप्प झालो. कारण तो बंब आता नाही, आणि तो का नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

आमचं पुण्यातलं जुनं घर रीडेव्हलपमेंटला गेलं, तेव्हा आईने माळा आवरायला काढला होता. आजीचा तांब्याचा बंब, दोन समया, पितळेचे डबे, हंडे, एक मोठं घंगाळ. काय करू म्हणून विचारायला तिने फोन केला. मी एका रिलीजच्या कॉलवर होतो. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही, देऊन टाक, असं सांगून मी दहा सेकंदांत फोन ठेवला. मोडवाल्याने सगळं वजनावर नेलं. आलेल्या पैशांत एक मिक्सर आला.

त्या बंबाच्या मधल्या नळीत लाकडाचे ढलपे आणि नारळाच्या करवंट्या जळायच्या. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तांब्याभर कढत पाणी चोचीतून बाहेर यायचं. म्हणजे परक्या माणसाच्या कॉफीच्या भांड्यातलं जे इंजिनिअरिंग मी अकरा वेळा विकत घेतलं, ते माझ्याच घरात होतं, आणि मी ते मोडीत घातलं होतं.

त्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा पावसाची झड लागली होती. लेकीला कुठे न्यावं म्हणून शेवटी राजा केळकर म्युझियममध्ये घेऊन गेलो. तासाभरात बाहेर पडू असं वाटलं होतं. आम्ही बाहेर आलो ते वॉचमनने बंद करायची वेळ झाली असं सांगितल्यावर!

चष्म्याच्या दुकानातला कवी

दिनकर केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पेशवाई बुडून तेव्हा ७८ वर्षं झाली होती. म्हणजे पुण्यात पेशवाई प्रत्यक्ष पाहिलेलं बहुधा कोणी उरलं नव्हतं, पण त्या काळातले वाडे उभे होते आणि वाड्यांतल्या वस्तूही होत्या. सरदारांच्या पुढच्या पिढ्या त्या वाड्यांत राहत होत्या. वैभव ओसरलं होतं, तरी माजघरात, देवघरात, माळ्यावर जुन्या वस्तू जागच्या जागी होत्या.

केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा. लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं बसवून द्यायची, हे पोटापाण्याचं काम. आणि मनाचं काम म्हणजे कविता. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते लिहीत असत आणि त्या काळच्या मराठी वाचकांना हे नाव परिचित होतं. इतिहासाची त्यांना मुळातच ओढ होती.

ही ओढ पुढे कागदावरून वस्तूंकडे वळली. साधारण १९२० च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचविशीत, त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. हे वय लक्षात घ्या. आपल्यातले बरेच जण त्या वयात पहिल्या ऑनसाइटची वाट बघत असतात!

त्या काळात जुन्या वस्तू जमवणारे दुसरे लोक नव्हते असं नाही. पण बहुतेकांचं लक्ष नाणी, शिल्पं, ताम्रपट, हस्तलिखितं, तलवारी यांच्याकडे असायचं. ज्याला इतिहास म्हणायचा तो राजांचा, लढायांचा आणि देवळांचा. घरातल्या दिव्याला, विळीला, कुलपाला, सुपारी कातरायच्या अडकित्त्याला कोण इतिहास म्हणणार? केळकरांच्या संग्रहात शस्त्रं आहेत, शिल्पंही आहेत. पण त्यांचं खरं मन रमलं ते घरातल्या रोजच्या वस्तूंमध्ये. त्यांचं वेगळेपण इथे आहे.

मोडीत निघालेलं जग

केळकरांनी जमवायला सुरुवात केली तो काळ मोठा विचित्र होता. घरातलं जग भराभर बदलत होतं. वीज आली आणि लामणदिवे, समया, हातातले दिवे देवघरापुरते उरले. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वरचेवर कल्हई लागायची. नाहीतर आंबट पदार्थ कळकायचा. आधी अल्युमिनियम आणि नंतर स्टेनलेस स्टील आलं आणि गृहिणींची त्या कटकटीतून सुटका झाली. त्यांना दोष कसा देणार? रोज चिंच आणि राख लावून पितळ घासणाऱ्या बाईला स्टीलचं कौतुक वाटलं तर नवल नाही. विड्याचं तबक आणि पानदान दिवाणखान्यातून हळूहळू गेलं. बोरू जाऊन फाउंटन पेन आलं आणि दौती निरुपयोगी झाल्या. वाडे पाडून चाळी आणि पुढे अपार्टमेंट आली तेव्हा कोरीव दरवाजे आणि खांब लाकडाच्या भावाने गेले.

या सगळ्याचा शेवट एकच, मोड. धातू असेल तर भट्टी, लाकूड असेल तर चूल. तांबट किंवा मोडवाला वस्तू तागडीत घालताना तिचा आकार बघत नाही, वजन बघतो. मोराच्या आकाराचा दिवा आणि फुटका हंडा त्याला सारखाच.

केळकर नेमके या तागडीच्या आधी उभे राहिले, असं म्हणायला हरकत नाही. वस्तू माळ्यावरून उतरली आहे आणि भट्टीत जायची आहे, या मधल्या थोड्या वेळात ती वाचवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद व्हायच्या आधी बॅकअप घ्यायचा. फरक इतकाच की बॅकअप घ्यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, बजेटही कोणी दिलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानावर चालणारा संसार आणि त्यातून हा खर्च. पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर हे घडलं नसतं. वस्तूंसाठी ते महाराष्ट्रात फिरले आणि महाराष्ट्राबाहेरही. म्हणून तर आज त्या संग्रहात गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडच्या वस्तूही आहेत.

एकट्या माणसाने, एका आयुष्यात, किती जमवावं? १९६० पर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंपर्यंत पोचला होता. चाळीस वर्षांत १५,००० याचा हिशोब केला तर सरासरी रोज एक वस्तू पडते. माझ्या अकरा पर्कोलेटरवर घरात एवढी चर्चा होते, तर कमलाबाईंच्या घराची कल्पना करा!

अडकित्ते, वजऱ्या आणि विंचू

आता त्या वस्तूंबद्दल थोडं सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे.

सुपारी कातरायचा अडकित्ता ही तशी साधी वस्तू. दोन दांडे, एक खीळ, एक पातं. पण म्युझियममधले अडकित्ते बघत जा. कोणाचे दांडे म्हणजे स्त्री-पुरुषाची जोडी, कुठे घोडा, कुठे पोपट. सुपारी कातरायला पोपटाची गरज नाही! पण रोज हातात येणारी वस्तू सुंदर असावी असं कोणाला तरी वाटलं आणि ते कोणीतरी घडवलं. माझ्या लेकीचा जन्म अबू धाबीचा. तिने आधी ती कात्री समजली, मग नटक्रॅकर. सुपारी म्हणजे काय हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली.

दुसरी वस्तू वजरी. पायाच्या टाचा घासायची. खालचा भाग खरखरीत आणि वर पकडायला मूठ. त्या मुठीवर पक्षी आहेत, प्राणी आहेत. न्हाणीघरात टाच घासायची ती वस्तू, जी पाहुण्यांना कधी दिसणारही नाही, तिच्यावर एवढी कारागिरी! लेकीला ती स्टेपलर वाटली.

मग दिवे. टांगायचे, ठेवायचे, हातात धरायचे. कुलपं तर एकाहून एक, त्यातलं विंचवाच्या आकाराचं कुलूप पाहिल्यावर चोराची हिंमत तिथेच खचावी. दौती आहेत, हुक्के आहेत, पानदानं आहेत, फण्या आहेत. स्वयंपाकघरातली भांडी आणि अवजारं आहेत. वाद्यांचं दालन आहे. पैठण शैलीची चित्रं आहेत, जी दाखवून चित्रकथी लोक गावोगाव रामायण-महाभारताच्या कथा सांगत. कोरीव दरवाजे आणि खिडक्या आहेत. आणि कोथरूडला १७३४ मध्ये मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही आहे. बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या, तर काही शिल्पं थेट चौदाव्या शतकापर्यंत जातात.

या वस्तू बघताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. चित्राखाली चित्रकाराची सही असते, पुस्तकावर लेखकाचं नाव असतं. पण अडकित्ता घडवणाऱ्या लोहाराचं, दिवा ओतणाऱ्या ओतारी कारागिराचं नाव कुठेच नाही. ज्या बाईने तो दिवा पन्नास वर्षं रोज संध्याकाळी लावला तिचंही नाही. सगळे अज्ञात. आणि त्यांच्या वस्तू जपणारा कवी स्वतःला अज्ञातवासी म्हणवत होता. हा योगायोगच असेल, पण मला तो विसरता येत नाही.

राजा

आता त्या मुलाबद्दल.

केळकरांना एकुलता एक मुलगा होता. त्याचं नाव राजा. सात वर्षांचा असताना त्याचं निधन झालं.

यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. आपण सगळे आईवडील आहोत. त्या घरात काय झालं असेल याची कल्पना करायलाही मन धजत नाही. एवढंच म्हणतो की अशा प्रसंगानंतर माणूस एखाद्या गोष्टीतून कायमचा बाहेर पडू शकतो. छंद कसला आणि काय कसला, असं वाटू शकतं. केळकर बाहेर पडले नाहीत. त्यांनी जमवणं चालू ठेवलं आणि आयुष्यभर जमवलेलं सगळं त्या मुलाच्या नावाने उभं केलं.

१९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. केळकर तेव्हा ६६ वर्षांचे होते. लोक वडिलांचं नाव मुलाला देतात. इथे मुलाचं नाव वडिलांच्या कामाला मिळालं. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव नीट वाचलं तर आपल्या पद्धतीने ते एका मुलाचं पूर्ण नाव आहे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर असतं तसं. पस्तीस वर्षं मी ते नाव वाचत होतो आणि मला ते कळलं नव्हतं.

जो मुलगा सात वर्षं जगला, त्याचं नाव आज शहरातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. शाळांच्या सहली त्याच्या नावाच्या पाटीखालून आत जातात. त्याच्याच वयाची मुलं तिथे काचेला नाक लावून वस्तू बघतात. एका बापाला याहून जास्त काय करता येईल, मला सांगता येणार नाही.

सगळं देऊन टाकलं

कुठलाही संग्राहक एका प्रश्नाला टाळत असतो. माझ्यानंतर याचं काय? मुलांना आवड असेलच असं नाही. भाऊबंदकी होते, वाटण्या होतात. एकत्र असताना ज्या वस्तूंना अर्थ असतो त्या सुट्या होऊन पुन्हा बाजारात जातात. म्हणजे पन्नास वर्षांनी का होईना, वस्तू पुन्हा तागडीसमोर येते.

केळकरांनी हा प्रश्न टाळला नाही. १९७५ मध्ये त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. तेव्हा त्यांचं वय ७९. पन्नासहून अधिक वर्षं ज्यासाठी घर, पैसा, वेळ सगळं लावलं ते हातातून सोडलं. विकलं असतं तर कितीतरी मिळालं असतं. परदेशी ग्राहकांची तर कमतरता नव्हती. पण त्यांना वस्तू विकत घेणारा नको होता, बघणारा हवा होता.

मला वाटतं, जमवण्याचा हा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा अवघड आहे. जमवताना दर वेळी काहीतरी मिळाल्याचा आनंद असतो. देताना हात रिकामा होतो. पण दिल्याशिवाय संग्रहाचं संग्रहालय होत नाही. तोपर्यंत ते फक्त भरलेलं घर असतं.

पुढे मानसन्मानही आले. मानद डॉक्टरेट मिळाली, १९८० मध्ये भारत सरकारने पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यातल्या जेमतेम २,५०० एका वेळी मांडता येतात. बाकीच्यांना जागाच पुरत नाही.

तीस किलोचं गणित

मंडळी, आपलं आयुष्य केळकरांच्या बरोबर उलट आहे. ते एका शहरात राहून वस्तूंच्या मागे गेले. आपण वस्तू मागे ठेवून शहरं बदलतो. आपल्या प्रत्येक प्रवासाला तीस किलोची मर्यादा, आणि त्यातले दहा किलो तर लोणची, भाजणी आणि चकल्यांचे! आजीचा बंब त्यात बसत नाही, हे खरंच आहे. सगळं जपता येणार नाही. तसं करायचं म्हटलं तर घरात माणसांना जागा उरणार नाही.

पण आपण जिथे राहतो तिथेच खिशात हात घालून बघा. एक दिरहमच्या नाण्यावर काय आहे? दल्ला. कॉफीची चोचवाली किटली. ना तलवार, ना किल्ला. या देशाने आपल्या नाण्यावर घरातलं भांडं ठेवलं, कारण पाहुण्याला गहवा देणं ही इथली ओळख आहे. २०१५ मध्ये युनेस्कोनेही अरबी कॉफीची ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. घरातलं भांडं म्हणजेच आपण कोण आहोत त्याची खूण, ही गोष्ट केळकरांनी १९२० मध्ये ओळखली होती. रोज सुटे पैसे मोजताना आपल्या ती लक्षात येत नाही इतकंच.

मी घरी परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे आईला रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल करून उरलेल्या वस्तूंची यादी केली. वस्तूचं नाव, ती कशासाठी वापरायची, कोणी आणली, कोणत्या गावाहून. आपल्या भाषेत मेटाडेटा! बंबाचा फोटो नव्हता, म्हणून आईने तो काढून दाखवला, वहीच्या पानावर, पेन्सिलीने. तिला इतकं छान चित्र काढता येतं हे मला माहीत नव्हतं. आता ते चित्र आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलं आहे. त्या खाली पर्कोलेटर मांडले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पर्कोलेटरमध्ये एक चिठ्ठी घातली. कोणाकडून मिळाला, कधी, ते लोक कोण होते. आम्हीही एका जूनमध्ये हे बेट सोडणार आहोत. तेव्हा हे अकरा जण वजनावर जाणार नाहीत. एकेक जण एकेका घरी जाईल, आपल्या गोष्टीसकट. घरातल्या दुसऱ्या मतालाही हे पसंत आहे!

तुम्हाला एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या पुढच्या स्नेहमेळाव्याला प्रत्येक घराने एक जुनी वस्तू आणावी. पळी असो, वाटी असो, आडणी असो, देवघरातली घंटा असो. वस्तू जवळ नसेल तर तिचा फोटो, फोटो नसेल तर आईकडून काढून घेतलेलं चित्र. आणि तिच्याबद्दल मुलांनी दोन वाक्यं सांगावीत, मराठीत. किंमत कोणी विचारायची नाही, हा एकच नियम.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा शॉपिंग आणि लग्नकार्यांतून एक दुपार काढा. बाजीराव रोडवर नातूबागेचा पत्ता विचारा, कोणीही सांगेल. मुलांना बरोबर न्या. आत शिरायच्या आधी दारातली पाटी त्यांना मोठ्याने वाचायला लावा आणि हा राजा कोण होता ते सांगा.

भेटू या मेळाव्यात. कॉफी माझ्याकडून, पर्कोलेटरची!